तणनाशकानं जमीन मरते का? थोडा हिशेब, थोडं खोदकाम

सोयाबीनला इमॅझेथापायर हे तणनाशक, १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण), एकरी ४०० मिली. त्यात मूळ रसायन ४० ग्रॅम. एकराच्या वरच्या दोन सेंटिमीटर मातीचं वजन भरतं ९५ ते १०० टन. एक थेंबही पानावर न पडता सगळं औषध मातीत गेलं असं धरलं, तरी किलोभर मातीच्या वाट्याला ०.४ मिलिग्रॅम येतं. पावसानं ते १५ सेंटिमीटरपर्यंत पसरलं तर ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच १५ सेंटिमीटरमध्ये, सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असलेल्या काळ्या जमिनीत, जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरातला नुसता कर्बच एकरी सत्तर-ऐंशी किलो असतो.

हा हिशेब आधीच मांडला, कारण जून-जुलैत दोन टोकाची वाक्यं कानावर पडतात. एक, "तणनाशकानं जमीन मेली." दुसरं कृषी केंद्राच्या काउंटरवरचं, "मातीला लागलं की संपलं, काही होत नाही." शिफारशीच्या मात्रेत एकदा फवारणी केली आणि मातीतला एकूण जीव मोजला, तर बहुतेक तणनाशकांचा परिणाम लहान आणि काही आठवड्यांपुरता दिसतो. एवढ्यावरून पहिलं वाक्य खोटं ठरतं. पण एकूण आकड्यात बारकावे बुडतात. नत्र स्थिर करणारे, अमोनियाचं नायट्रेट करणारे, मुळांशी भागीदारी करणारी बुरशी, हे गट संख्येनं थोडे आणि कामानं मोठे. त्यांच्यावर घाव बसला तरी एकूण बेरीज जवळपास तेवढीच राहते. म्हणून दुसरं वाक्यही सोडून द्या.

शिवाय वजनावरून विषाचा अंदाज लागत नाही. ४० ग्रॅमनं एकरभर तण मरतं, ते एकाच विकराच्या (एन्झाइमच्या) खोबणीत रेणू जाऊन बसतो म्हणून. तोच विकर जिवाणूतही असेल तर?

बऱ्याच तणनाशकांच्या बाबतीत तो असतो. ग्लायफोसेट ज्या विकराला अडवतं तो शिकिमिक आम्लाच्या वाटेवरचा आहे. या वाटेनं फिनाइलअॅलनीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं तयार होतात. माणसात-जनावरात ही वाट नाही. वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणूंत आहे. त्यातही दोन तऱ्हा. काही जिवाणूंचा विकर ग्लायफोसेटनं लगेच अडतो, काहींचा मुळीच अडत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांत जो जनुक घातला जातो तो अशाच एका न अडणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियमचा, सीपी-४ या वाणाचा. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम मात्र अडणाऱ्यांत मोडतो. त्याच्या पेशीत शिकिमिक आम्ल साचतं आणि वाढ खुंटते. म्हणजे एकाच फवाऱ्यानं मातीतल्या एका गटाची उपासमार होते आणि शेजारच्या गटाला मोकळं रान मिळतं. संख्या तीच राहून माणसं बदलावीत, तसं.

इमॅझेथापायर, क्लोरिम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, बिसपायरिबॅक ही मंडळी एएलएस नावाच्या विकरावर बसतात. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन तिथून तयार होतात आणि जिवाणूही ती स्वतःच बनवतात. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत ही अमिनो आम्लं आयती मिळतात, त्यामुळे विकर अडला तरी जिवाणूचं भागतं. कर्ब ०.३ टक्क्यावर आलेल्या हलक्या जमिनीत आयतं काहीच नसतं. तेच औषध, तीच मात्रा, आणि धुऱ्यापलीकडच्या दोन शेतांत वेगळा परिणाम, याचं एक कारण हे.

अॅट्राझीन, डाययुरॉन, मेट्रिब्युझिन प्रकाशसंश्लेषण बंद पाडतात. मातीतल्या बहुसंख्य जिवाणूंना प्रकाशसंश्लेषण ठाऊकच नाही, त्यामुळे त्यांना थेट इजा होत नाही. अपवाद निळ्या-हिरव्या शेवाळाचा. पावसाळ्यात उसाच्या सरीत ओल्या मातीवर जो हिरवट पापुद्रा धरतो, त्यातले काही प्रकार हवेतला नत्र बांधतात. डाययुरॉन मारलेल्या सरीत तो पापुद्रा उशिरा येतो किंवा येतच नाही.

पेंडीमिथॅलिनचं वेगळंच. ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि चिकणमातीला, कर्बाला चिकटून वरच्या थरात बसून राहतं. तणाच्या कोवळ्या मुळा-कोंबाची पेशीविभागणी थांबवणं एवढंच त्याचं काम. बियाणं तीन-चार सेंटिमीटरवर पडलेलं असलं की बियाण्याला चोळलेल्या जिवाणू संवर्धकाशी त्याची गाठ सहसा पडत नाही. उथळ पेरणी आणि पाठोपाठ जोराचा पाऊस, असं जुळून आलं तरच पीकही अडकतं आणि जिवाणूही.

आता उलट बाजू. मातीतून तणनाशक जातं कुठे? थोडं उन्हानं तुटतं, थोडं पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन, थोडं झिरपून किंवा वाहून. बाकीचं सूक्ष्मजीव खातात. बहुतेक रेणूंच्या बाबतीत हा वाटा सगळ्यात मोठा असतो. २,४-डी हे जुनं उदाहरण. १९४० च्या दशकात ते बाजारात आलं आणि त्याच दशकाच्या अखेरीस दिसून आलं की मातीतून त्याचं जाणं हे जिवाणूंचं काम आहे. पहिल्यांदा टाकलं की काही दिवस काहीच घडत नाही, मग अचानक ते झपाट्यानं संपतं. दुसऱ्यांदा टाकलं तर थांबणं नाहीच, कारण खाणाऱ्यांची फौज तयार असते. अॅट्राझीनचंही तेच. त्याच्या कड्यातला नत्र वापरणारे स्यूडोमोनास आणि इतर जिवाणू आता अनेक देशांच्या मक्याच्या जमिनींत सापडले आहेत. तिथे वर्षानुवर्षं अॅट्राझीन पडल्यावर ते इतक्या लवकर संपायला लागलं की तण परत उठू लागलं. "यंदा औषधात दम नाही" या तक्रारीमागे कधी भेसळ असते, कधी प्रतिकारक्षम तण, आणि कधी हे.

मोजमापात एक फसगत इथेच होते. फवारणीनंतर आठवड्याभरात मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजला तर तो बऱ्याचदा वाढलेला दिसतो. मग कुणी लिहितं, तणनाशकानं माती अधिक जिवंत झाली. प्रत्यक्षात तण मेलं, त्याची मुळं कुजू लागली, काही जिवाणू मेले, उरलेल्यांनी ते आणि थोडं औषधही खाल्लं, म्हणून श्वास वाढला. असला उसळा पंधरा-वीस दिवसांत उतरतो. प्रयोगशाळेत थाळीवर जिवाणूंच्या वसाहती मोजण्याचंही फार खरं मानू नये. मातीतले बहुतेक जिवाणू थाळीवर उगवतच नाहीत. सूक्ष्मजीवांचं काम दाखवणारी डिहायड्रोजिनेज विकराची चाचणी, क्लोरोफॉर्मची धुरी देऊन काढलेला जैविक (जिवंत सूक्ष्मजीवांतला) कर्ब आणि शेजारी न फवारलेल्या पट्ट्याचा नमुना, हे तिन्ही एकत्र असतील तर अहवाल वाचण्यासारखा.

औषध संपवायचं काम ज्यांचं, त्यांना लागतं काय? ओल, ऊब, हवा आणि खायला कर्ब. चारातलं एक कमी पडलं की औषध रेंगाळतं. जुलैत फवारणी झाली आणि पुढे महिनाभर पावसानं दडी मारली, तर जिवाणू सुप्तावस्थेत जातात आणि रेणू मातीच्या कणांना चिकटून बसतो. त्या वर्षी रब्बीत गडबड होण्याची शक्यता जास्त. पाऊस नीट झाला असेल तर तीच मात्रा तोवर बहुतेक संपलेली असते. ग्लायफोसेटचं अर्धं प्रमाण संपायला काही जमिनींत आठवडा पुरतो, काहींत कित्येक महिने लागतात. त्याच्या तुटण्यातून तयार होणारं एएमपीए हे रसायन तर त्याहून जास्त टिकतं.

सामूची (मातीच्या पीएचची) गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू ७.८ ते ८.५. क्लोरिम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन या सल्फोनिलयुरिया कुळातल्या औषधांचा रेणू आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी क्रिया होऊन आपोआप तुटतो. अल्कधर्मी जमिनीत ही वाट जवळजवळ बंद होते. मग सगळी भिस्त जिवाणूंवर, आणि कर्ब कमी असल्यानं तेही अशक्त. शिवाय या कुळाच्या औषधांनी नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचं काम मंदावल्याची उदाहरणं मुख्यतः अशाच, अल्कधर्मी आणि कमी कर्बाच्या जमिनींतली आहेत. अॅट्राझीनही जास्त सामूला जास्त टिकतं. इमॅझेथापायरचं उलटं: आम्लधर्मी जमिनीत ते कणांना चिकटतं आणि टिकतं, चुनखडीच्या जमिनीत मातीतल्या पाण्यात मोकळं राहतं, त्यामुळे जिवाणूंच्या हाती लवकर लागतं. म्हणून परदेशातला "इतके दिवस टिकतं" हा आकडा उचलून आपल्या शेताला लावायचा नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सामू आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे असतात. औषध निवडताना तो कागद बाहेर काढा. सामू आठच्या वर आणि कर्ब ०.४ च्या खाली असेल तर सोयाबीनमध्ये क्लोरिम्युरॉन टाळावं, असं माझं मत. स्वस्त पडतं, पण मागे राहतं.

कोकणच्या जांभ्या जमिनीत चित्र वेगळं. तिथे लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर ग्लायफोसेट घट्ट बसतं आणि जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातं. त्या जागेसाठी स्फुरद (फॉस्फेट) त्याचा स्पर्धक. वरून सुपर फॉस्फेट किंवा डीएपीचा पट्टा दिला की अडकलेलं थोडं ग्लायफोसेट सुटून परत पाण्यात येऊ शकतं.

ग्लायफोसेटचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही सांगून टाकतो. भारतात त्याचं लेबल चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा, एवढ्यापुरतंच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं वापरावर निर्बंध आणणारी अधिसूचनाही काढली. सोयाबीन किंवा कपाशीच्या उभ्या पिकात तासांमध्ये (पिकाच्या ओळींमध्ये) मारणं लेबलबाहेरचं आहे, मग नोझलला टोपी लावून मारा की न लावता.

गाठी उपटून नाही, खणून बघा

जिवाणूंवर परिणाम झाला की नाही हे प्रयोगशाळेशिवाय बघायची सोयाबीनमधली सोपी जागा म्हणजे मुळांवरच्या गाठी. फवारणी पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी होते. गाठी नेमक्या त्याच सुमारास धरायला लागलेल्या असतात. म्हणजे वेळच नाजूक.

फवारणीच्या दिवशी शेताच्या मध्यात पिकाचे दोन तास, वीस-पंचवीस फूट लांब, कोरडे सोडा आणि खुंट्या ठोका. तिथलं तण हातानं काढा, नाहीतर तुलना तणाशी होईल, औषधाशी नाही. पीक ३५ ते ४० दिवसांचं झालं, जमिनीत वाफसा असला की दोन्हीकडून पाच-पाच झाडं घ्या. झाड उपटायचं नाही. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि मोजणारा घाबरतो. खोडापासून वीतभर अंतरावर चारी बाजूंनी फावडं घालून ढेकळासकट उचला, बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग हलक्या हातानं माती सोडवा.

गाठी मोजा, मुख्य मुळावरच्या वेगळ्या, बाजूच्या मुळ्यांवरच्या वेगळ्या. मुख्य मुळावर वरच्या भागात टपोऱ्या गाठी असतील तर बियाण्याला चोळलेलं संवर्धक लागू पडलं असं समजायला हरकत नाही. मग प्रत्येक झाडाच्या पाच गाठी ब्लेडनं कापा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधणं चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी गाठ कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी असेल तर काम संपलेलं. दोन्ही पट्ट्यांत संख्या सारखी पण फवारलेल्यात पांढऱ्या गाठी जास्त असतील, तर आठवड्यानं पुन्हा बघा. बऱ्याच वेळा नुसताच उशीर झालेला असतो. दुसऱ्यांदाही फरक तसाच राहिला तर मात्रेचा तपास करा.

इमॅझेथापायरनंतर सोयाबीनचे शेंडे सात-आठ दिवस पिवळे पडतात. तो झाडावरचा परिणाम आहे, बहुतेक वेळा आपसूक भरून निघतो. पिवळं दिसलं म्हणून लगेच युरियाची मूठ टाकणं ही नेहमीची चूक. मातीत नायट्रेट वाढलं की झाड गाठींना अन्न पाठवणं कमी करतं. म्हणजे तणनाशकानं जेवढं बिघडवलं नसतं तेवढं युरियानं बिघडतं, आणि खापर औषधावर फुटतं.

बीजप्रक्रियेचा क्रमही इथेच तपासा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक), दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले तर गाठी न येण्याचं कारण तणनाशकात शोधून उपयोग नाही.

पंपाला टोपणभर

खरं नुकसान बहुतेक ठिकाणी इथे होतं. लेबल सांगतं एकरी ४०० मिली. फवारणारा हिशेब करतो पंपाला ४० मिली. एकराला पंप किती लागतात हे मात्र त्याच्या चालीवर आणि नोझलवर ठरतं.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तेवढी जागा दोरीनं आखा. पंपात साधं पाणी खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या चालीनं, त्याच नोझलनं तो गुंठा फवारा. मग खुणेपर्यंत परत भरायला किती लिटर लागले ते मापानं मोजा आणि चाळीसनं गुणा. साडेचार लिटर लागले तर एकरी १८० लिटर, म्हणजे १५ लिटरचे बारा पंप, पंपाला ३३ मिली. सहा लिटर लागले तर २४० लिटर, सोळा पंप, पंपाला २५ मिली. आता हाच माणूस सोळा पंपांत प्रत्येकी ४० मिली टाकत गेला तर एकरी ६४० मिली झालं. मात्रा दीडपटीच्या वर. धुऱ्याजवळ वळताना नोझल चालूच राहिलं तर तो पट्टा दोनदा भिजतो. तिथे एकरी सव्वा लिटरचा हिशेब लागतो. रब्बीत धुऱ्यालगतची चार तासं खुरटतात तेव्हा आधी वळणाची सवय बघा.

भुकटीच्या औषधांत चूक आणखी सोपी. क्लोरिम्युरॉन २५ टक्के एकरी जेमतेम १५ ग्रॅम. बारा पंप असतील तर पंपाला सव्वा ग्रॅम. हे टोपणानं मोजताच येत नाही. १५ ग्रॅम सगळंच १,२०० मिली पाण्यात नीट विरघळवून घ्या आणि दर पंपाला १०० मिली टाका, प्रत्येक वेळी बाटली हलवून.

नोझल पट्टा पाडणारं हवं, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नोझल तणनाशकाला लावलं की मध्ये कमी, कडेला जास्त. बॅटरीचा पंप उतरत आला की दाब पडतो आणि चाल तीच राहते, म्हणून शेवटच्या तासांत तण सुटतं. मग लोक दुसऱ्या दिवशी "राहिलेलं" परत फवारतात, निम्मं शेत पुन्हा भिजतं. एचटीपीच्या (जास्त दाबाच्या पॉवर पंपाच्या) गननं तणनाशक मारणं तर बंदच करा. तिथे मात्रा नावाची गोष्टच उरत नाही.

गढूळ पाणी हेही जादा मात्रेचं छुपं कारण. ग्लायफोसेट आणि पॅराक्वॅट मातीच्या कणांना लगेच चिकटतात. नाल्याचं पाणी घेतलं की अर्धं औषध टाकीतच निकामी. जड पाण्यातलं कॅल्शियमही ग्लायफोसेटला बांधून टाकतं. तण मरत नाही, पुढच्या वेळी मात्रा वाढते.

मुळंच नसलेली जमीन

रेणूच्या थेट विषापेक्षा एक अप्रत्यक्ष परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मातीतले सूक्ष्मजीव जगतात ते मुख्यतः मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर. मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला तर जिवंत मूळच लागतं. मूळ नाही तर ती नाही. हंगाम संपल्यावर शेत वखरून किंवा फवारून पुढचे सात-आठ महिने उघडं ठेवलं, मे महिन्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापला, तर तो जीव कमी होणारच. यात तणनाशकाचा रेणू दोषी नाही, उघडी जमीन दोषी आहे. पण दोन्ही एकाच फवाऱ्यातून येतात म्हणून गल्लत होते.

याची उलट बाजू महाराष्ट्रातच बघायला मिळते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे पुन्हा नांगरत नाहीत. भाताचे बुडखे आणि तण तणनाशकानं मारून मुळं जागीच कुजू देतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या शेतीत तणाचाच खत म्हणून उपयोग करतात. दोन्हीकडे तणनाशक येतं ते नांगराच्या जागी, आणि जमिनीत मुळांचं जाळं राहतं. नांगरणीनं बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात, कर्ब जळतो. तणनाशक विरुद्ध काहीच नाही अशी तुलना करून चालत नाही. तणनाशक विरुद्ध दोन वखरण्या आणि तीन डवरण्या अशी करावी लागते. अर्थात "मुळं कुजवतोय" म्हणत वर्षाला चार वेळा फवारणं आणि वर आच्छादन शून्य, याला हा दाखला लागू होत नाही.

एक धोका इथे लक्षात ठेवा. मरणाऱ्या तणाच्या मुळांवर पिथियम, फ्युजॅरियम, रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशा पटकन तुटून पडतात. ग्लायफोसेट तणाच्या मुळांतून मातीतही थोडं पाझरतं, आणि तणाची स्वतःची प्रतिकारशक्तीही त्याच शिकिमिक वाटेवर अवलंबून असल्यानं ते लवकर शरण जातं. फवारून तिसऱ्या दिवशी पेरलं तर कोवळं रोप नेमकं त्या मेजवानीत सापडतं. फवारणी आणि पेरणीत दोन ते तीन आठवडे जाऊ द्या. तेवढ्यात रोगकारकांचा जोर ओसरतो.

पॅराक्वॅटबद्दल थोडक्यात. काळ्या जमिनीतली चिकणमाती त्याला पापुद्र्यांच्या आत इतकं घट्ट धरते की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं, पण जिवाणूला ना खाता येतं ना त्याचा त्रास होतो. माणसाला मात्र त्यावर उतारा नाही. माती सुरक्षित म्हणून औषध सुरक्षित, असं गणित इथे पार चुकतं.

राहता राहिल्या बाजारातल्या "अवशेष खाणाऱ्या जिवाणूंच्या" बाटल्या. प्रयोगशाळेत तो रेणू खाणारा जिवाणू शेतात टिकतोच असं नाही; तिथे आधीपासून असलेल्यांशी त्याला झुंजावं लागतं, आणि खायला कर्ब नसेल तर तोही उपाशी. त्या पैशात एकरी दोन-चार गाड्या चांगलं कुजलेलं शेणखत किंवा शेतातलंच सोयाबीनचं कुटार परत जमिनीत गेलं तर स्थानिक फौज पोसली जाते. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) वगैरे द्यायचं असेल तर तणनाशकाच्या टाकीत कधीही मिसळू नका. टाकीतलं द्रावण मातीतल्या प्रमाणाच्या शेकडो पट तीव्र असतं, वर चिकट द्रव्यं वेगळी. शेणखतात मुरवून, फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी, ओल असताना द्या.

रब्बीआधीची कुंडी चाचणी

पाऊस कमी झाला असेल, मात्रा जास्त पडल्याचा संशय असेल किंवा इमॅझेथापायरनंतर ज्वारी, मोहरी, भाजीपाला असं नाजूक पीक घ्यायचं असेल, तर पेरणीच्या महिनाभर आधी ही चाचणी करा. खर्च जवळपास नाही.

शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वरची दहा सेंटिमीटर माती घ्या. धुऱ्याजवळच्या वळणाची माती वेगळ्या पिशवीत. सावलीत वाळवून चाळा. मातीचे तीन वाटे करायचे: एक फवारलेल्या शेताची माती, दुसरी तीच माती, पण किलोला दोन-तीन ग्रॅम सक्रिय कोळशाची पूड चांगली कालवून, तिसरी धुऱ्यावरची, कधीच न फवारलेली. सक्रिय कोळसा तणनाशक शोषून निष्प्रभ करतो, त्यामुळे दुसरा वाटा हीच खरी तुलना. धुऱ्याची माती बऱ्याचदा शेतापेक्षा सुपीक असते आणि फसवते. चुलीतला कोळसा चालत नाही.

प्रत्येक वाट्याच्या तीन कुंड्या किंवा प्लास्टिकचे डबे, तळाला भोक न पाडता, नाहीतर पाण्याबरोबर औषध निघून जाईल. पाणी बेतानं, माती ओलसर राहील एवढंच. दर कुंडीत मोहरीच्या दहा बिया, आणि जे पीक घ्यायचंय त्याच्या वेगळ्या कुंड्या. सगळं उन्हात ठेवा. अॅट्राझीनसारख्या औषधाची खूण उजेडाशिवाय दिसत नाही. उगवल्यावर पाच रोपं ठेवा आणि तीन आठवडे बघा.

उगवण सगळीकडे सारखी, पण पुढे शेंडा पिवळा पडून रोप बसून राहिलं आणि मुळांच्या फांद्या आखूड झाल्या तर एएलएस गटाचा अवशेष. आठ-दहा दिवस छान वाढून मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपल्या तर अॅट्राझीन, मेट्रिब्युझिन. मुळांची टोकं गदेसारखी फुगलेली, बाजूच्या मुळ्या नाहीत, तर पेंडीमिथॅलिन. तिन्ही वाट्यांत रोपं सारखीच खुरटी असतील तर दोष मातीचा, क्षारांचा किंवा जुन्या बियाण्याचा. औषधाला मोकळं सोडा.

अवशेष निघाला तर पीक बदला. इमॅझेथापायरनंतर गहू, हरभरा सहसा तगतात. पाणी असेल तर एक हलकं ओलित, वाफशावर उथळ वखरणी करून वरचा थर खालच्यात मिसळा, सोबत शेणखत. ओल आणि ऊब टिकली तर जिवाणू पुढचं काम करतात. तीन आठवड्यांनी त्याच पद्धतीनं माती घेऊन मोहरीच्या कुंड्या पुन्हा लावा, आणि धुऱ्याची पिशवी या वेळीही वेगळीच ठेवा. शेत मोकळं झालं तरी तो पट्टा मागे राहिलेला असू शकतो.